पुढचे पाठ, मागचे सपाट

माझी भाची यंदा दहावीत आहे. तिचे घर गोव्यात फोंड्यातच, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर असल्यामुळे दिवेलागणीच्या सुमारास ती दप्तर घेऊन आमच्या सोप्यावर येऊन बसते आणि काही अडले तर मला विचारते. गेल्या पावसाळ्यापर्यंत ती फारसे विचारत नव्हती, कारण इंग्रजीचा निबंध आणि इतिहासातल्या सनावळ्या यांत मामाची गरज पडत नाही. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मात्र तिने गणिताची वही माझ्यापुढे सरकवली. एका आयताकृती जमिनीची लांबी रुंदीपेक्षा ६ मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ ९१ चौरस मीटर आहे, तर रुंदी किती, असा साधा प्रश्न होता. समीकरण मांडण्यापर्यंत मला जमले: एक्सचा वर्ग अधिक सहा एक्स वजा एक्याण्णव बरोबर शून्य. त्यानंतर, कोणीतरी मागून ढकलावे तसे, माझ्या तोंडून बाहेर पडले, ‘मायनस बी प्लस ऑर मायनस रूट बी स्क्वेअर मायनस फोर एसी अपॉन टू ए.’ एका दमात, आणि १९९३ साली आमच्या वर्गात जी चाल होती त्याच चालीवर.

‘ते पुस्तकात आहेच, मामा,’ भाची म्हणाली. ‘पण ते असे का? त्यात तो फोर एसी कुठून आला?’

मला सांगता आले नाही. मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, बारावीपर्यंत गणित घेतले होते, त्यात बऱ्यापैकी गुण मिळवले होते आणि गुणपत्रिका आजही कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षित आहे. पदवीनंतर मी एका पतसंस्थेत लागलो आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षे व्याज, हप्ते आणि थकबाकी यांचा हिशेब करीत आलो, त्यामुळे गणिताशी माझा संबंध तुटला असे म्हणता येणार नाही. तरी त्या क्षणी माझ्याजवळ उरले होते ते एका सूत्राचे ध्रुपद. ते कशाचे ध्रुपद होते ते गळून गेले होते. आमच्या आजीची एक म्हण होती, ‘पुढचे पाठ, मागचे सपाट’. ती म्हण ती माझ्या आत्याच्या मुलाला उद्देशून वापरीत असे. आता ती माझ्यावर उलटली.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे मागच्या महिन्याचे पान काढले आणि त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढत बसलो. एक चौरस काढला, त्याची बाजू एक्स, म्हणजे जमिनीची रुंदी. लांबी सहा मीटरने जास्त असल्यामुळे त्या चौरसाला लागून सहा मीटर रुंदीची एक पट्टी आली. ती पट्टी उभी कापून तीन-तीन मीटरच्या दोन पट्ट्या केल्या. एक चौरसाच्या उजव्या अंगाला ठेवली आणि दुसरी उचलून खालच्या अंगाला. आता एक मोठा चौरस जवळजवळ तयार झाला, फक्त त्याचा एक कोपरा रिकामा राहिला, आणि तो कोपरा तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ चौरस मीटरचा. एक्याण्णवात नऊ मिळवले की शंभर. शंभराच्या चौरसाची बाजू दहा. दहातून त्या तीन मीटर काढल्या की रुंदी सात. सात आणि तेरा. सात तेरे एक्याण्णव.

त्या रात्री हे मी कोणाला विचारले नाही की कुठे उघडून पाहिले नाही. पेन्सिल हातात घेऊन ‘पट्टी कापायची होती’ एवढे आठवले आणि पुढचे आपोआप मागून आले. सहाच्या जागी बी, आणि चौरसाला एकच्या जागी ए हा गुणक घातला की अर्धी पट्टी, तिचा वर्ग, आणि सगळ्यांचा छेद सारखा करताना शिरणारा तो चार, हे सारे त्या आकृतीतूनच निघते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने ‘एक वर्ग आणि दहा मुळे मिळून एकोणचाळीस’ हे उदाहरण नेमके अशाच आकृतीने सोडवून दाखवले होते. आपल्याकडे श्रीधराचार्यांनी दोन्ही बाजूंना चार ए ने गुणून अपूर्णांक टाळण्याची रीत सांगितली, जिचे श्रेय बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी त्यांना दिले आहे. हे सगळे दुसऱ्या दिवशी मी भाचीला मोठ्या ऐटीत सांगितले. तिने ती आकृती दोनदा काढून पाहिली, ‘हे सोपे आहे’ असे म्हणाली आणि भूमितीकडे वळली.

मी मात्र तिथेच अडकलो. तीस वर्षांत ज्याला हात लावला नव्हता ते एका रात्रीत, दिनदर्शिकेच्या एका पानावर, परत कसे आले? आणि परत येण्याइतके ते कुठेतरी होते तर मग भाचीने विचारले तेव्हा ते कुठे गेले होते?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी ज्याने काटेकोरपणे शोधले तो हेर्मान एबिंगहाउस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ. त्याने १८८५ साली आपले स्मृतीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि त्या प्रयोगांचा एकमेव गिऱ्हाईक तो स्वतःच होता. ज्यांना काहीच अर्थ नाही अशी सुमारे २३०० अक्षरखंडे त्याने रचली, त्यांच्या यादी करून त्या न चुकता म्हणता येईपर्यंत पाठ केल्या, ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ केल्या आणि प्रत्येक वेळी लागलेला वेळ मोजला. त्याच्या कामातला सर्वांत हुशारीचा भाग इथेच आहे, आणि विसरण्याचा वक्र म्हणून त्याची आकृती सगळीकडे छापली जाते तेव्हा नेमका हाच भाग वगळला जातो. ‘किती आठवते’ असे त्याने विचारले नाही. ‘पुन्हा शिकायला किती कमी वेळ लागतो’ असे विचारले. पहिल्या वेळी एखादी यादी पाठ करायला हजार सेकंद लागले आणि दुसऱ्या दिवशी तीच यादी ६६० सेकंदांत पाठ झाली, तर ३४ टक्के बचत झाली, असा त्याचा हिशेब. वीस मिनिटांनी बचत ५८ टक्के भरली, एका दिवसाने ३४ टक्के, आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे पहिल्या दिवसात पडझड मोठी, आणि त्यानंतरच्या संपूर्ण महिन्यात मात्र त्या मानाने थोडी. शिवाय हे सारे निरर्थक अक्षरांचे. अर्थ असलेली कविता पाठ करायला त्याला साधारण एक दशांश श्रम पुरत होते.

पतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाला ‘बचत’ हा शब्द आवडणारच, पण त्यापलीकडेही मला ही कल्पना पटली. खात्यात शिल्लक दिसत नाही याचा अर्थ खाते बंद झाले असा होत नाही, एवढे तरी आमच्या धंद्यात रोज पाहायला मिळते.

आजोबांची गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण एबिंगहाउस वाचताना सारखे तेच डोळ्यांपुढे येत होते. आजोबा पोर्तुगीज आमदानीत शिकले. आधी गावातल्या पंतोजींकडे मराठी, मोडी आणि हिशेब, आणि मग पोर्तुगीज शाळेत ‘सेगुंद ग्राव’पर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत. पुढे पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, जाण्याची ऐपत घरात नव्हती. त्यामुळे साधारण १९४१ च्या सुमारास त्यांची शाळा सुटली आणि ते कुळागर, म्हणजे घरची सुपारीची बाग, पाहू लागले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, कचेऱ्यांतली भाषा बदलली, गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि आजोबांच्या पोर्तुगीजला कोणी विचारीनासे झाले. मी त्यांना पोर्तुगीजमधून एक वाक्य बोलताना कधी ऐकले नाही. विचारले की म्हणत, ‘सगळे विसरलो रे.’

२००३ साली जमिनीच्या सीमेवरून शेजाऱ्यांशी बोलणी करायची वेळ आली तेव्हा पणजोबांच्या पश्चात झालेल्या वाटणीचे, म्हणजे आमच्याकडे ज्याला इन्वेंतार म्हणतात त्याचे, जुने कागद पेटीतून बाहेर निघाले. गोव्यात वारसा आणि वाटणी यांचे व्यवहार १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे चालत आलेले असल्यामुळे जुन्या घरांत असे कागद असतातच, आणि ते वाचता येणारी माणसे दरवर्षी कमी होत जातात. वकिलाकडे नेण्यापूर्वी बाबांनी ते सहज आजोबांपुढे ठेवले. आजोबा पंचाहत्तरीचे होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. पहिल्या ओळीवर पाच मिनिटे गेली असतील. मग त्यांचे बोट ‘आरेकाल’ या शब्दावर थांबले आणि ते म्हणाले, ‘हे कुळागर.’ त्यानंतर चार दिशांच्या सीमा लिहिल्या होत्या. नोर्ते आणि सुल त्यांनी चटकन सांगितले, उत्तर आणि दक्षिण. पुढच्या दोन शब्दांवर मात्र अडले. ओठांत पुटपुटत राहिले आणि एकदम हसून म्हणाले, ‘नासेंत म्हणजे उदेंत, पोयेंत म्हणजे अस्तंत. ती उगवते, ही मावळते. मास्तर असेच सांगायचा.’

त्यानंतर पान वाचायला त्यांना फार वेळ लागला नाही. दुसरे पान पहिल्यापेक्षा लवकर झाले आणि तिसरे त्याहूनही लवकर. बोलायला सांगितले तर त्यांना पोर्तुगीज येत नव्हतेच, त्या दुपारीही आले नाही. पण कागद समोर आला की शब्द ओळखीचे वाटू लागत आणि एक ओळखला की त्याच्या शेजारचा जागा होई. साठ वर्षे झाली होती.

अमेरिकेतील हॅरी बारिक या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली नेमक्या याच प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता हे मला फार नंतर कळले. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांची त्याने परीक्षा घेतली. कोणी नुकतेच शिकलेले, तर कोणाला शिकून ५० वर्षे झालेली. बहुतेकांनी मधल्या काळात ती भाषा जवळजवळ वापरली नव्हती. शिकणे थांबल्यावर पहिल्या तीन ते सहा वर्षांत ज्ञान भराभर ओसरते, पण त्यानंतर जे उरते ते पुढची पंचवीस-तीस वर्षे जवळपास हलत नाही, असे त्याला आढळले. या उरलेल्या साठ्याला त्याने ‘पर्मास्टोअर’ असे नाव दिले. शब्द स्वतः आठवून सांगण्यापेक्षा समोर आलेला शब्द ओळखणे जास्त टिकते, हेही त्यात दिसले. आजोबांची दुपार मी पाहिली होती म्हणूनच कदाचित मला यात नवल वाटले नाही. शिवाय आजोबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, जी स्पॅनिश शिकलेल्या अमेरिकनांना मिळाली नसावी: गोव्यातल्या घरात पोर्तुगीज कधी पुरती संपतच नाही. खिडकी जनेल असते, खुर्ची कदेल असते, शाळा इस्कोल असते. भाषा गेली तरी तिचे शब्द घरातच राहिले होते, आणि दिवसातून दहा वेळा कोणीतरी ते उच्चारीत होते.

बारिकने लिंडा हॉल या सहकारी संशोधिकेबरोबर १९९१ साली शाळेतल्या बीजगणितावरही असाच अभ्यास केला, आणि तो वाचून मला माझ्या दिनदर्शिकेच्या पानाचा उलगडा झाला. ज्यांनी पुढे कॅल्क्युलसपर्यंत किंवा त्याहून वरचे गणित घेतले होते त्यांचे शाळेतले बीजगणित पन्नास वर्षांनीही फारसे घटले नव्हते. ज्यांनी बीजगणितावरच गणित थांबवले त्यांचे मात्र, शाळेत चांगले गुण असूनही, ओसरून गेले होते. म्हणजे बीजगणित टिकले ते बीजगणिताच्या परीक्षेमुळे नव्हे, पुढची तीन-चार वर्षे दुसरेच काही शिकताना ते पुन्हा पुन्हा हाताखालून गेले म्हणून. अकरावी-बारावीत अवकलन करताना वर्गसमीकरण सोडवणे ही आमच्यासाठी पायरी होती. तिच्यावर पाय ठेवून पुढे जायचे होते, तिच्याकडे बघायलाही वेळ नव्हता. पायरी म्हणून वापरली, म्हणून राहिली.

पाढ्यांचेही तेच. माझी पिढी ही गोव्यात दोन भाषांत शिकलेली पिढी. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, दोन खोल्या आणि दोन बाई. पाचवीपासून इंग्रजी माध्यमाचे हायस्कूल. चौथीत लसावि आणि मसावि होता तो पाचवीत एलसीएम आणि एचसीएफ झाला, छेद डिनॉमिनेटर झाला, आणि पहिले सहा महिने ‘हे तेच आहे’ हे कळण्यातच गेले. आज मी हिशेब करतो तो मराठीतच करतो. संगणकावर आकडे इंग्रजी असतात, ग्राहकाशी बोलणे कोंकणीत असते, पण मनात चालते ते ‘सात आठे छप्पन्न’. याचे कारण शाळा नव्हे, घर. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लागला की हातपाय धुऊन परवचा म्हणायचा; आधी श्लोक, मग पाढे, दोन ते तीस. बाबांच्या लहानपणी त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी आणि औटकीही होती, आणि सुपारी वजन करताना साडेतीनाच्या सातपटीचे साडेचोवीस ते माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी सांगत. आम्हाला एवढे करावे लागले नाही, पण तिसापर्यंतचे पाढे रोज, पुस्तकात न बघता, आणि चुकले की मागून सुरुवात. रोज थोडे, आणि रोज न बघता.

पाठांतर म्हटले की आजकाल नाक मुरडण्याची पद्धत आहे. मला वाटते आपण परवचा आणि घोकंपट्टी यांत गल्लत करतो. घोकंपट्टी म्हणजे दहावीच्या मार्च महिन्यात मी भूगोलाचे केले ते: परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून तीच पाने पाच वेळा वाचणे, पाचव्या वेळी ‘हे सगळे येते आहे’ असे समाधान वाटणे आणि पेपर दिल्यावर आठ दिवसांत ते सगळे झटकून टाकणे. परवचात पुस्तक नसते, आठवावे लागते. या दोहोंतला फरक रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर मोजून दाखवला आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होते आणि दोनदा वाचणाऱ्यांना ४२. आदल्या रात्री वाचून दुसऱ्या सकाळी पेपर लिहिणारा विद्यार्थी त्या पाच मिनिटांवाल्यांपैकी असतो. त्याची चूक काही नाही. आम्हाला जी परीक्षा द्यायची होती तिच्यासाठी तीच रीत सोयीची होती.

अर्थात परवचालाही मर्यादा आहे, आणि ती मी स्वतःच त्या ऑगस्टमधल्या संध्याकाळी सिद्ध करून दाखवली. सूत्राची चाल तीस वर्षे टिकली, ती परवचाच्याच गुणाने. तिच्यात चौरस नव्हता, कापलेली पट्टी नव्हती, रिकामा कोपरा नव्हता. ते वेगळे ठेवले गेले होते आणि वेगळेच शोधावे लागले.

एवढे कळल्यावर मला जरा चढ आला. गणित एका रात्रीत परतले, तेव्हा रसायनशास्त्रही परतेल, तो तर माझा पदवीचा विषय, असे म्हणून मी माळ्यावरचे खोके खाली काढले. वरच प्रयोगवही निघाली. नायट्रेटच्या तपासणीचे पान उघडले आणि मला ती परीक्षानळी स्पष्ट दिसली: ताज्या फेरस सल्फेटचे द्रावण, नळी तिरकी धरून कडेकडेने सोडलेले तीव्र सल्फ्युरिक आम्ल, आणि दोन थरांच्या मधोमध हळूच उमटलेले तपकिरी कडे. तो वास, ते लाकडी स्टँड, शाईने रंगलेली बोटे. ते कडे का उमटते हे पुन्हा वाचले, तेव्हा अर्ध्या तासात नीट समजले. नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि तो लोहाशी जोडला जाऊन तो तपकिरी संयोग बनतो, हे ‘अरे हो’ म्हणत समजले. अकार्बनी भाग बराचसा असाच परत आला. आवर्तसारणीचे उभे गण तर, एक मूलद्रव्य आठवले की त्याच्या खालचे आपणहून येत, आजोबांच्या शब्दांसारखे.

मग सेंद्रिय रसायनशास्त्राची वही उघडली. तिसऱ्या वर्षाची, सुवाच्य अक्षरात लिहिलेली, अभिक्रियांचे वाकडे बाण लाल शाईने काढलेले. अक्षर माझेच होते. समासात मी स्वतः ‘महत्त्वाचे’ असे लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या पानावरचे मला काहीही कळले नाही. बाण इथून तिथे का जातो हे कळले नाही, आणि ‘महत्त्वाचे’ काय होते हेही कळले नाही. मी तीन रविवार त्या वहीला दिले. गणिताला एक रात्र लागली होती, नायट्रेटला अर्धा तास. इथे तीन रविवारांनंतरही मी पहिल्या प्रकरणात होतो, आणि जे थोडे कळत होते ते पहिल्यांदाच कळत होते. ओळख अशी कुठेच लागत नव्हती. एबिंगहाउसच्या हिशेबाने बोलायचे तर बचत शून्य.

त्याच विषयात मला त्या वर्षी ७१ गुण होते.

मला वाटते, आपण ‘शाळेत शिकलेले सगळे विसरलो’ असे म्हणतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. एक म्हणजे जे शिकलो होतो आणि वापरात न राहिल्यामुळे मागे पडले. ते बोलावले की येते, थोडे धापा टाकत, पण येते. दुसरे म्हणजे जे आपण कधी शिकलोच नव्हतो, फक्त एका सकाळी तीन तास डोक्यावर धरून परीक्षेच्या खोलीपर्यंत नेले आणि उत्तरपत्रिकेत उतरवून ठेवले. गुणपत्रिकेत या दोहोंची नोंद एकाच शाईने होते. कदाचित म्हणूनच विसरल्याचे सांगायला माणसाला संकोच वाटत नाही. ‘विसरलो’ म्हटले की निदान एकदा येत होते असा दावा तरी शाबूत राहतो. मीही पंचवीस वर्षे लोकांना सांगत आलो की केमिस्ट्री सगळी विसरलो. त्यातली निम्मी मी विसरलेलो नाही, आणि उरलेली निम्मी विसरण्याचा मला अधिकारच नव्हता.

तसे का झाले याचा दोष मी कोणा शिक्षकाला देऊ इच्छित नाही. आम्हाला तो विषय शिकवणारे सर फळ्यावर लिहून देत आणि आम्ही उतरवून घेत असू, हे खरे; पण वर्गात साठ मुले होती आणि प्रश्न विचारणारा त्यांत मी नव्हतो, हेही तितकेच खरे. वर्गसमीकरण मला पुढे पायरी म्हणून वापरावे लागले. सेंद्रिय रसायनशास्त्र ही माझी शेवटची पायरी होती. तिच्यापुढे मी गेलोच नाही, त्यामुळे ती पक्की होती की नुसती रंगवलेली होती हे पाहण्याची वेळ आली नाही.

भाचीच्या अभ्यासात आम्ही त्यानंतर एक लहानसा बदल केला आहे. आदल्या संध्याकाळी झालेले तिने दुसऱ्या संध्याकाळी वही न उघडता मला सांगायचे, आणि मी न समजल्याचे ढोंग करायचे. कित्येकदा ढोंग करावे लागत नाही. आठवड्याने तेच पुन्हा. तिला हे कंटाळवाणे वाटते आणि ती तसे बोलूनही दाखवते. वर्गपूर्तीची आकृती तिने ऑक्टोबरमध्ये विचारल्यावर एकदा चुकवली, कोपरा नऊऐवजी सहाचा केला, आणि मग स्वतःच थांबून दुरुस्त केला. इन्वेंतारचे कागदही तिने एकदा पेटीतून काढून घेतले होते. ‘नासेंत’वर बोट ठेवून तिने अर्थ विचारला तेव्हा मी सहज सांगून गेलो, आणि मग लक्षात आले की तो शब्द मी त्या एका दुपारी ऐकला होता, बावीस वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर माझा त्याच्याशी काही संबंध आला नव्हता. पोर्तुगीज मी शिकलेलो नाही. आजोबांनी जो उगवतीचा आणि मावळतीचा मेळ घातला, तेवढे दोन शब्द माझ्याकडे आहेत.

खोके अजून माळ्यावर परत गेलेले नाही, ते सोप्याच्या कोपऱ्यात आहे आणि बायको रोज त्याची आठवण करून देते. पुढच्या वर्षी भाची अकरावीत जाईल आणि तिला विज्ञान शाखाच घ्यायची आहे. परवा तिने ती सेंद्रियची वही चाळून पाहिली, लाल बाण तिला आवडले, आणि ‘हे मला तू शिकवशील ना?’ असे तिने विचारले. मी तिला सांगितले की शिकवता येणार नाही, बरोबरीने शिकता येईल, आणि तीही कदाचित माझ्या आधी पुढे जाईल.

‘पण तुला तर यात सेव्हंटी वन होते,’ ती म्हणाली. गुणपत्रिका तिने पाहिली होती.